स्वागत केंद्रे आणि 'जंगले' : बाल्कन मार्गावरील छावण्यांचा अभ्यास

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकून कोणाला वाटेल, युरोपातल्या निर्वासितांच्या छावण्यांशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही शेवटी देणार आहोत. आता एवढेच सांगतो की, आपल्या मुलामुलींपैकी काहीजण राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर बाहेरच्या विद्यापीठांत शिकायला जातात. समाजशास्त्र, भूगोल, कायदा, समाजकार्य या विषयांत तेथे गेलेल्या विद्यार्थ्यासमोर 'स्थलांतर' हा विषय हमखास येतो. तो अभ्यासायचा कसा, कोणत्या नजरेने, याची थोडी तयारी इथूनच व्हावी, असे आम्हाला वाटते.

प्रथम हा मार्ग कोणता ते पाहू. तुर्कस्तानातून ग्रीस किंवा बल्गेरियात, तेथून उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया, मग हंगेरी किंवा क्रोएशिया किंवा बोस्निया, पुढे स्लोव्हेनिया, आणि शेवटी ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली. यालाच बाल्कन मार्ग म्हणतात. सिरिया, इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, सोमालिया अशा देशांतून निघालेली माणसे या वाटेने जातात. कोणी युद्धातून जीव वाचवून निघालेला असतो, कोणी सक्तीच्या लष्करभरतीला घाबरून, कोणी निव्वळ पोटासाठी. एकाच माणसाच्या बाबतीत ही तिन्ही कारणे खरी असू शकतात. म्हणून 'खरा निर्वासित' आणि 'खोटा निर्वासित' अशी घाईने वाटणी करणे अभ्यासकाने टाळले पाहिजे.

२०१५ साली हा मार्ग जगाच्या नजरेत आला. त्या एका वर्षात समुद्रमार्गे ग्रीसमध्ये सुमारे साडेआठ लाख माणसे उतरली. त्याआधीही लोक जातच होते, पण लपून. मॅसिडोनियात त्यांना बसमध्ये किंवा आगगाडीत बसण्यास मज्जाव होता, म्हणून ते रुळांच्या कडेने पायी चालत. एप्रिल २०१५ मध्ये रात्रीच्या वेळी आगगाडीखाली सापडून त्यांच्यातील १४ जण ठार झाले. जूनमध्ये कायदा बदलला. ७२ तासांचा परवाना मिळू लागला आणि गाडीतून प्रवास करता येऊ लागला. ऑगस्ट २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका शीतगृहाच्या ट्रकमध्ये ७१ मृतदेह सापडले. कायदेशीर वाट नसली म्हणजे माणूस कोणत्या वाटेने जातो, हे या दोन घटनांवरून कळते.

त्यानंतर काही महिने एक विलक्षण गोष्ट घडली. हंगेरीने सर्बियाच्या सीमेवर सुमारे १७५ किलोमीटर लांबीचे काटेरी कुंपण घातले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ती वाट बंद केली. लोक क्रोएशियाकडे वळले. तेव्हा मधल्या देशांच्या सरकारांनीच त्यांना बस आणि आगगाड्यांतून एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर पोचविण्यास सुरुवात केली. हीच ती 'कॉरिडॉर'ची व्यवस्था. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीत १७ कलमी योजना ठरली आणि वाटेवर एक लाख माणसांच्या निवाऱ्याची सोय करावी, त्यांपैकी निम्मी ग्रीसमध्ये, असे जाहीर झाले. आज जी स्वागत केंद्रे आपण अभ्यासतो, त्यांच्यापैकी अनेकांची सुरुवात या घाईच्या दिवसांतली आहे. तेव्हा ती काही तासांच्या मुक्कामासाठी होती. चहा, ब्लँकेट, नोंदणी, आणि पुढची गाडी.

नोव्हेंबर २०१५ मध्ये फक्त सिरियन, इराकी आणि अफगाण यांनाच पुढे सोडायचे ठरले. बाकीचे ग्रीसच्या सीमेवर अडकले. मार्च २०१६ मध्ये वाट सर्वांनाच बंद झाली, आणि त्याच महिन्यात युरोपीय संघाने तुर्कस्तानशी करार केला. पुढारी म्हणाले, बाल्कन मार्ग आता बंद. मात्र माणसे थांबली नाहीत. फक्त काही तासांसाठी बांधलेल्या केंद्रांत ती महिनोन्महिने राहू लागली, आणि ज्यांना तेथे जागा मिळाली नाही किंवा जे तेथे गेले नाहीत, ते रानात, पडक्या गोदामांत राहू लागले. आमच्या विषयाचा खरा आरंभ येथे होतो.

दोन प्रकारच्या जागा

अशा जागा दोन प्रकारच्या असतात. एक सरकारी. त्यांना इंग्रजीत 'रिसेप्शन सेंटर' म्हणतात, म्हणजे शब्दशः स्वागत केंद्र. दुसऱ्या अनौपचारिक. त्यांना तेथील लोक 'जंगल' म्हणतात. हा शब्द आपलाच आहे. संस्कृतातून तो फारसी, पश्तू, उर्दूत गेला आणि अफगाण मुलांच्या तोंडी बसून युरोपच्या वर्तमानपत्रांत पोचला. झाडीतली पाले असोत, की शहराच्या मधोमध असलेले पडके गोदाम असो, त्याला जंगलच म्हणायचे.

सरकारी केंद्रांच्या इमारती पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक इमारती दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या आणि ते काम संपल्यावर ओस पडलेल्या होत्या. सर्बियातील प्रेशेव्होचे केंद्र जुन्या तंबाखूच्या कारखान्यात आहे. अदाशेव्त्सीचे केंद्र म्हणजे महामार्गावरचे एक बंद पडलेले मोटेल. ओब्रेनोव्हाट्सचे केंद्र लष्कराच्या बराकींत. बोस्नियातील बिहाच शहरात 'बिरा' नावाचे केंद्र फ्रीज बनविणाऱ्या बंद कारखान्यात होते. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीजवळ टॉयलेट पेपरच्या बंद कारखान्यात सिरियन कुटुंबांचे तंबू लागले होते. युगोस्लाव्हियाचे विघटन, युद्ध आणि कारखान्यांची पडझड यांतून ज्या इमारती रिकाम्या झाल्या, त्यांतच दुसऱ्या युद्धांतून आलेली माणसे येऊन राहिली. बेलग्रेडजवळच्या कर्न्याचा केंद्राच्या बराकी मुळात बांधकाम मजुरांसाठी होत्या. १९९० च्या दशकात तेथे क्रोएशिया व बोस्नियातून आलेले निर्वासित राहिले, आणि २०१५ नंतर अफगाण. त्या दशकात सर्बियात पाच लाखांहून अधिक निर्वासित होते. त्यांच्यासाठी १९९२ साली स्थापन झालेले निर्वासित आयुक्तालयच आज ही केंद्रे चालविते. म्हणून छावणीचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम त्या इमारतीचा इतिहास विचारावा. गावातल्या वृद्ध माणसांना तो ठाऊक असतो.

आता दुसरा प्रकार. ग्रीसच्या सीमेवर इडोमेनी नावाचे जेमतेम दीडशे वस्तीचे खेडे आहे. वाट बंद झाल्यावर तेथे रुळांच्या आजूबाजूला बारा हजारांहून अधिक माणसे चिखलात तंबू टाकून राहिली. मे २०१६ मध्ये पोलिसांनी ती वस्ती उठविली. २०१६-१७ च्या हिवाळ्यात बेलग्रेडच्या मुख्य रेल्वे स्थानकामागील पडक्या गोदामांत हजाराच्या वर माणसे राहत होती. त्यांत बहुतेक अफगाण आणि पाकिस्तानी तरुण, पुष्कळ तर अठरा वर्षांच्या आतले. उणे पंधरा अंश थंडीत ते रेल्वेचे जुने डांबरी स्लीपर जाळून शेकत आणि तो विषारी धूर छातीत भरून घेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांना खुले पत्र लिहून, केंद्रांबाहेर राहणाऱ्यांना अन्न-वस्त्र देऊ नये, असे कळविले होते. मे २०१७ मध्ये ती गोदामे पाडली गेली, कारण तेथे नदीकाठचा नवा इमारत प्रकल्प उभा राहणार होता.

२०१८ पासून वाट बोस्नियाकडे वळली. जून २०१९ मध्ये बिहाचजवळ वुच्याक येथे जुन्या कचरा डेपोच्या जागेवर माणसांना नेऊन ठेवण्यात आले. आजूबाजूच्या रानात युद्धकाळातले भूसुरुंग होते. युरोप परिषदेच्या मानवी हक्क आयुक्त दुन्या मियातोविच यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ती जागा पाहून ताबडतोब बंद करा, असे बजावले, आणि त्याच महिन्यात ती बंद झाली. पुढे लिपा येथे तंबूंची छावणी झाली. तेथे हिवाळ्याची सोय नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये तिला आग लागली आणि हजाराहून अधिक माणसे बर्फात उघड्यावर आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच ठिकाणी पक्क्या कंटेनरांचे नवे केंद्र सुरू झाले.

यावरून दिसेल की सरकारी आणि अनौपचारिक या दोन प्रकारांत पक्की भिंत नाही. वुच्याक पालिकेने थाटले, तरी ते कोणत्याही अर्थाने केंद्र नव्हते. ग्रीसमधील लेस्बॉस बेटावरची मोरिया ही सरकारी छावणी. तिची क्षमता तीन हजारांच्या आसपास, पण २०२० च्या आरंभी तेथे सुमारे वीस हजार माणसे होती. भिंतीच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या ऑलिव्हच्या बागांत अधिक लोक राहत. सप्टेंबर २०२० मध्ये ती जळाली. तिला सरकारी म्हणायचे की अनौपचारिक?

केंद्र सोडून जंगलात का?

गरम खोली आणि दोन वेळचे जेवण सोडून माणसे जंगलात का राहतात, असे कोणीही विचारील. तेथील अधिकारीही विचारतात आणि 'या लोकांना शिस्त नको' असे उत्तर स्वतःच देतात. अभ्यासकाने हे उत्तर मान्य करण्यापूर्वी त्या माणसाचा हिशोब समजून घेतला पाहिजे.

पहिले कारण अंतर. केंद्र दक्षिणेला आणि सीमा उत्तरेला. सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नाला हे लोक 'गेम' म्हणतात. 'गेमवर गेला' म्हणजे सीमेवर गेला. गेम एकदा होत नाही. दहा वेळा, वीस वेळा परत यावे लागते. त्यासाठी सीमेजवळच राहावे लागते. दुसरे कारण बोटांचे ठसे. डब्लिन नियमाप्रमाणे युरोपीय संघात ज्या देशात प्रथम नोंद झाली, त्याच देशात बहुधा परत पाठविले जाते. म्हणून नोंदणीचीच धास्ती. सर्बिया, बोस्निया युरोपीय संघात नाहीत, पण माणूस अधिकाऱ्याच्या यंत्रावर बोट ठेवताना कायद्याची पोटकलमे पाहत नसतो. तिसरे कारण जागेचा प्राधान्यक्रम. कुटुंबांना आणि लहान मुलांना आधी, एकट्या पुरुषाला शेवटी, आणि भरले की दार बंद. चौथे कारण भीती. केंद्रात गेलो तर येथूनच परत पाठवतील, असे पूर्वीच्या अनुभवाने पटलेले असते.

हंगेरीचे उदाहरण येथे बोलके आहे. कुंपणाला लागून रोस्के आणि टोम्पा येथे 'ट्रान्झिट झोन' होते. आश्रयाचा अर्ज तेथेच करायचा. आत घेण्याची संख्या कमी होत होत २०१८ पासून प्रत्येक ठिकाणी दिवसाला एका माणसावर आली. बाहेर सर्बियाच्या बाजूला शेकडो कुटुंबे यादीत नाव लावून महिनोन्महिने वाट पाहत. अशा वेळी कायदेशीर रांग आणि बेकायदा वाट यांतले अंतर माणसाच्या लेखी किती उरते, याचा विचार आपण करावा.

अभ्यास कसा करावा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. असा अभ्यास करायचा झाल्यास कोणती पथ्ये पाळावीत? या विषयावर मोठे काम झालेले आहे. बार्बरा हॅरेल-बाँड यांनी १९८२ साली ऑक्सफर्डमध्ये निर्वासित-अभ्यासाचे केंद्र सुरू केले. सुदानमधील युगांडन निर्वासितांवरचा त्यांचा ग्रंथ १९८६ साली आला. मदत करणारेच निर्वासिताला परावलंबी कसे करतात, हे त्यांनी दाखविले. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मिशेल अजिए यांनी छावण्यांवर आयुष्यभर लिहिले. बाल्कन मार्गावरील अनौपचारिक वस्त्यांविषयी क्लाउडिओ मिन्का आणि ड्रॅगन उमेक या भूगोलाच्या अभ्यासकांचे काम आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. आम्ही येथे पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आकड्यांची. युरोपीय सीमा संस्था फ्रंटेक्स दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते. पश्चिम बाल्कन मार्गावर २०१५ मध्ये सुमारे ७ लाख ६४ हजार, २०२२ मध्ये सुमारे १ लाख ४५ हजार, २०२३ मध्ये सुमारे ९९ हजार आणि २०२४ मध्ये साधारण साडेएकवीस हजार. परंतु हे आकडे माणसांचे नाहीत, सीमा ओलांडताना नोंदल्या गेलेल्या घटनांचे आहेत. एकच मुलगा पाच वेळा सापडला तर पाच नोंदी होतात. उलट जो कधीच सापडला नाही, त्याची एकही नाही. आकडा खाली आला म्हणजे माणसे सुखरूप घरी पोचली, असेही नाही. कदाचित वाट बदलली असेल, कदाचित त्यांना आधीच्या देशात अडविले असेल. छावणीच्या 'क्षमते'चेही तसेच. क्षमता खाटांवरून मोजली की चौरस फुटांवरून, ते विचारावे. संडास किती, नळ किती, दवाखान्याची वेळ कोणती, हेही मोजावे. गिरणगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला खोलीपेक्षा नळ आणि संडास यांच्या रांगेवरून वस्ती अधिक कळते. हे ज्ञान आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेर मिळालेले आहे. त्याचा उपयोग करावा.

दुसरी गोष्ट परवानगीची. सरकारी केंद्रात जाण्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागते. ती मिळाली की अधिकारी बरोबर फिरतो, स्वच्छ खोली, शिवणकामाचा वर्ग, मुलांनी काढलेली चित्रे दाखवितो. ती खोटी नसतात, पण तेवढेच केंद्र नसते. म्हणून प्रवेशद्वाराबाहेरही बसावे. जवळचा बस थांबा, किराणा दुकान, फोन चार्ज करण्याची जागा येथे केंद्राची दुसरी बाजू कळते. अनौपचारिक वस्तीत कोणाचीच परवानगी लागत नाही, असे समजणे चूक आहे. तेथे राहणाऱ्यांची परवानगी लागते. पाल कितीही फाटके असो, ते कोणाचे तरी घर आहे. हाक मारल्याशिवाय आत डोकावू नये.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. सीमेवर मार खाल्लेल्या माणसाला प्रत्येक नवा पाहुणा तीच हकीकत विचारतो. आधी पोलीस, मग डॉक्टर, मग पत्रकार, मग वकील, आणि शेवटी विद्यार्थी. दर वेळी तो ते दुःख पुन्हा भोगतो. आपल्या प्रबंधात एका उताऱ्याची भर पडावी म्हणून हे करण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या कोणी नोंदवून ठेवलेली साक्ष उपलब्ध असेल तर ती वापरावी. बॉर्डर व्हायोलन्स मॉनिटरिंग नेटवर्क या संस्थांच्या जाळ्याने अशा शेकडो साक्षी नोंदविल्या आणि २०२० साली त्यांचे मोठे संकलन प्रसिद्ध केले. मुलाखत घ्यायचीच तर ती कशासाठी, कोठे छापली जाईल, त्यामुळे अर्जाला मदत होणार आहे की नाही, हे त्याच्या भाषेत आधी सांगावे. 'मदत होणार नाही' हे स्पष्ट सांगणे फार जड जाते, पण तेच प्रामाणिकपणाचे आहे. अठरा वर्षांच्या आतील मुलाची मुलाखत त्याच्या पालकाच्या किंवा जबाबदार संरक्षकाच्या संमतीशिवाय घेऊ नये.

चौथी गोष्ट काय लिहू नये याची. तुम्ही प्रबंधात किंवा फोटोत जंगलाचा नेमका ठिकाणा दिला, तर तो पोलीसही वाचतात. गोदाम कोठे, वाट कोणत्या पुलाखालून जाते, कोणता दुकानदार उधार देतो, कोणती बाई रात्री गरम पाणी देते, हे छापल्याने ज्ञानात किती भर पडेल आणि त्या माणसांचे किती नुकसान होईल, याचा हिशोब लिहिण्यापूर्वी करावा. बिहाच शहराने १९९२ ते १९९५ वेढा सोसला. तेथे अनेक घरांतून परक्यांना भाकरी मिळाली, आणि पुढे मदत करणाऱ्यांवरच लोकांचा रोष झाला. अशांची नावे लिहिणे म्हणजे त्यांना अडचणीत टाकणे होय.

पाचवी गोष्ट शब्दांची. हा शब्दांचा वाद पुस्तकी नाही. माणूस मोकळा आहे की कैदेत, हे त्यावर ठरते. रोस्केच्या ट्रान्झिट झोनमध्ये २०१५ साली २३ दिवस ठेवलेल्या दोन बांगलादेशी तरुणांच्या खटल्यात, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ती कैद नव्हती असे म्हटले. मात्र त्यांना सर्बियात परत पाठविताना धोका नीट तपासला नाही, हा दोष हंगेरीवर ठेवला. सहा महिन्यांनी, १४ मे २०२० रोजी, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात त्याच झोनमध्ये लोकांना ठेवणे म्हणजे स्थानबद्धताच होय, असा निर्णय दिला. पुढच्याच आठवड्यात हंगेरीने ते झोन बंद केले. कुंपण तेच, कंटेनर तेच. परंतु दार कोठे उघडते, भेटायला कोण येऊ शकते, बाहेर पडल्यास अर्जाचे काय होते, असे बारीक तपशील पुढे मांडले गेले आणि त्यांवरून उत्तर ठरले. अभ्यासकाच्या वहीतल्या कंटाळवाण्या नोंदींचे मोल येथे कळते. मात्र ही गोष्ट अर्धी सांगून चालणार नाही. झोन बंद झाल्यावर हंगेरीने अर्जासाठी आधी परदेशातल्या आपल्या वकिलातीत जाण्याचा नियम केला, आणि वाट आणखी अरुंद झाली. निकाल जिंकला म्हणजे काम संपले, असे होत नाही.

आणखी एक निकाल सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रोएशिया-सर्बिया सीमेवर सहा वर्षांची एक अफगाण मुलगी आगगाडीखाली सापडून मरण पावली. क्रोएशियाच्या पोलिसांनी रात्री आम्हाला रूळ दाखवून परत जायला सांगितले, असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे होते. पोलिसांनी ते नाकारले. कुटुंबाने चार वर्षे दाद मागितली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी मानवी हक्क न्यायालयाने क्रोएशियाने या मृत्यूचा परिणामकारक तपास केला नाही, असे ठरविले, आणि त्या कुटुंबातील लोकांना सामूहिकपणे हाकलल्याबद्दलही दोषी धरले. असे परत ढकलणे मुळातच १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील ३३ व्या कलमाच्या आत्म्याविरुद्ध आहे. जेथे जिवाला धोका आहे तेथे कोणासही परत पाठवू नये, असे ते कलम सांगते.

आपला संबंध

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. एक संबंध सरळ आहे. सर्बियाने २०१७ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. एजंटांनी त्याचा फायदा घेतला. विमानाने बेलग्रेड आणि पुढे पायी. पंजाब-हरियाणाकडे अशा प्रवासाला 'डंकी' म्हणतात. २०२२ साली एकट्या ऑस्ट्रियात भारतीयांचे आश्रयाचे अर्ज वीस हजारांच्या घरात गेले, आणि १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने ती सवलत काढून घेतली. घरदार गहाण ठेवून एजंटाला पैसे देण्यापूर्वी ही वाट कशी आहे हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे. शिष्यवृत्ती आणि नियमित नोकरीचा व्हिसा यांचा रस्ता लांब आहे, पण त्यावर भूसुरुंग नाहीत.

दुसरा संबंध भाषेचा. या मार्गावरील पुष्कळ पाकिस्तानी आणि अफगाण मुलांना उर्दू-हिंदी समजते. युरोपीय संशोधकाला दुभाषी लागतो. आपल्या विद्यार्थ्याला बऱ्याच वेळा लागणार नाही. ही मोठी सोय आहे आणि तेवढीच मोठी जबाबदारीही. आपली भाषा बोलणाऱ्यावर माणूस लवकर विश्वास टाकतो.

तिसरा संबंध इतिहासाचा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीतून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. बहुतेक बायका आणि मुले. तेव्हा युरोपची मुले इराण ओलांडून आपल्याकडे आली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि आजही तेथील लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. छावणी तात्पुरती म्हणून उभी राहते, पण माणसाला काम करू दिले, दुकान टाकू दिले, मुलांना शाळा दिली, तर तिचे शहर होते. बाल्कन मार्गावर तसे झाले नाही. येथल्या माणसाला थांबायचे नाही आणि त्याला थांबवूनही घ्यायचे नाही.

चौथा संबंध सर्वांत जवळचा. आपल्या वस्त्यांवर गेली शंभर वर्षे इतर लोक अहवाल आणि प्रबंध लिहीत आले. कोणी किती खोल्या, किती नळ, किती कर्ज ते मोजून नेले. त्यांतले काही लिखाण आपल्या उपयोगी पडले, काही फक्त लिहिणाऱ्याच्या पदवीला उपयोगी पडले. आपल्या आई-वडिलांनी किती वेळा त्याच प्रश्नांची उत्तरे दिली आणि पुढे काय झाले हे त्यांना कोणी कळविले नाही, हे या सभागृहातील अनेकांना ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांची मुले आता दुसऱ्यांविषयी लिहायला निघाली आहेत. तेव्हा आपल्याशी जसे वागायला हवे होते, तसे आपण त्यांच्याशी वागावे, एवढे पथ्य पाळले तर वरच्या पाचही गोष्टी आपोआप साधतील.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्बियाच्या उत्तर सीमेवर मोठी पोलीस कारवाई होऊन तेथील बहुतेक वस्त्या उठल्या. जून २०२४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते स्थानकाशेजारच्या जुन्या धान्यकोठारातील वस्ती रिकामी केली गेली. युरोपीय संघाने २०२४ साली स्थलांतर व आश्रयाचे नवे कायदे मंजूर केले आणि ते जून २०२६ पासून लागू करण्याचे ठरविले. सीमेवरच अर्ज तपासण्याची पद्धत त्यांत आहे, म्हणजे सीमेवरची केंद्रे आणखी महत्त्वाची होणार. इडोमेनीत आज शेती आहे, बेलग्रेडच्या गोदामांच्या जागी नव्या इमारती आहेत. तेथे माणसे राहत होती याची खूण जागेवर उरलेली नाही. ती कोणी काळजीपूर्वक लिहून ठेवली असेल तेवढीच उरेल. पुढे एखादा मुलगा न्यायालयात 'मी त्या हिवाळ्यात तेथे होतो' असे म्हणेल, तेव्हा त्याचे म्हणणे खरे ठरविण्यास ते कागद कामी येतील. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखविता येईल असे लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.